उशिरा वयात आलेला मामा

कंबामामाची उंची पंचविशी उलटल्यावरही वाढत होती. इतरांची मुलं शाळा संपता संपता वाढायची थांबतात, हा थांबलाच नाही. चामराजपेटच्या आमच्या गल्लीतला शिंपी शाळकरी मुलांच्या पँटींना खाली जास्तीचं कापड दुमडून ठेवत असे, पुढल्या वर्षी सोडायला. मामाच्या पँटींनाही तो तसंच ठेवी, आणि दोन-तीन वर्षांनी ते सोडावं लागेच. "तुमचा भाऊ अजून शाळेतच आहे, अक्का," असं तो माझ्या आईला म्हणे. सगळे हसत, मामाही हसे. त्यात कुणाला काही खटकलं नाही. उंच असणं हा काही रोग नव्हे.

कंबा म्हणजे कन्नडमध्ये खांब. मामा लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात कामाला होता, आणि वरच्या फळीवरचे नमुन्यांचे गठ्ठे शिडी न लावता काढायचा, म्हणून तिथल्या पोरांनी हे नाव ठेवलं. पुढे ते गल्लीत आलं आणि शेवटी घरात आलं. आजी तेवढी शेवटपर्यंत त्याला खऱ्या नावाने हाक मारत होती. तो आईचा धाकटा भाऊ. आम्ही वरच्या मजल्यावर राहत असू, आणि आजी गेल्यावर मामा खालच्या खोलीत एकटा. जेवायला मात्र वर यायचा.

त्याची एक गंमत होती. बसला की तो चारचौघांएवढाच दिसायचा. पंगतीत, भजनात, दुकानात गल्ल्यामागे बसलेला असला की नव्या माणसाला काहीच कळत नसे. मग तो उठायचा आणि उठतच राहायचा. सगळी लांबी पायांत होती. हातही तसेच, उभा राहिला की बोटं मांडीच्या पार खाली पोचत. सदऱ्याच्या बाह्या कधीच मनगटापर्यंत येत नसत, म्हणून तो त्या कोपराच्या वर दुमडूनच ठेवी. खांदे मात्र अरुंद, आणि चेहरा मुलासारखा गुळगुळीत. चाळिशीला आला तेव्हा त्या गुळगुळीत चेहऱ्यावर ओठांभोवती बारीक बारीक सुरकुत्या पडल्या, तरी दाढीचा एक केस उगवला नाही. कुणी त्यावर बोललं की म्हणायचा, "बिडु रे, जाऊ दे. ब्लेडचा खर्च वाचला."

आणि आवाज. दर शनिवारी मारुतीच्या देवळात आमच्या जुन्या मराठी घरांचं भजन असे. पखवाजावर रावकाका, टाळांवर दहा-बारा माणसं, आणि वरच्या पट्टीत मामा. लहान मुलाच्या गळ्यातून निघतो तसा तो कोवळा आवाज होता, पण त्याला दम मोठ्या माणसाचा. तो वर जाऊन स्थिरावला की बाहेर चपला काढणाऱ्या बायका हातातली चप्पल घेऊन तशाच थांबत. रावकाका म्हणायचे, "हा गातो तेव्हा मी पखवाज वाजवत नाही, नुसता सांभाळतो." दिवसभर दुकानात लोकांच्या पत्रिका बांधणारा, वाकून चालणारा हा माणूस त्या दोन तासांत ताठ व्हायचा. त्याच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि त्याला ते ठाऊक होतं.

फोनवर त्याला सगळे मॅडम म्हणत. दुकानातला फोन तोच घ्यायचा. पलीकडून "मॅडम, पत्रिका तयार झाल्या का?" असं कुणी विचारलं की तो चूक दुरुस्त करत नसे. "सरी, बरं, उद्या या," म्हणून ठेवून द्यायचा. मी एकदा विचारलं, मामा, तू सांगत का नाहीस? तर म्हणाला, "पुट्टा, मॅडमशी लोक नीट बोलतात. अण्णाशी भांडतात."

लग्न झालं होतं त्याचं. मामी येलहंक्याची, शोभा नाव. मी फार लहान होतो, मला तिची फक्त हिरवी साडी आठवते. वर्षही पुरं झालं नाही, ती माहेरी गेली ती परत आली नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही. घरात त्या विषयावर बोलायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी बोललं नाही. आजीने मामाला एका वैद्याकडे नेलं, दोन देवस्थानांना नेलं, कुणीतरी दिलेलं चाटण वर्षभर दिलं. एका डॉक्टरांनाही दाखवलं होतं म्हणे. ते म्हणाले, काही मुलं उशिरा वयात येतात, येईल. तेव्हा मामाचं वय एकोणतीस होतं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. मामाला वास येत नसे. फुलाचा नाही, गटाराचा नाही, कशाचाच नाही. आणि मलाही येत नाही. आमच्या घरात ही एक थट्टेची गोष्ट होती. मी सात-आठ वर्षांचा असेन, आई भाजी मंद आचेवर ठेवून शेजारी गेली आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरातच कॅरम खेळत बसलो. ती परत आली तेव्हा धूर जिन्यापर्यंत आला होता, पातेल्याचा तळ काळा झाला होता, आणि आम्ही डोळे चोळत राणीच्या मागे लागलो होतो. आईने खिडक्या उघडल्या, पातेलं नळाखाली धरलं आणि म्हणाली, "देवा, हे दोघंही तसलेच." मामा मला हळूच म्हणाला, "तू माझ्यावर गेलास." मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा मामाचं हाड मोडलं. तो पडला नव्हता. मार्केटला बसमधून उतरताना शेवटच्या पायरीवरून त्याने पाय खाली टेकला, नीट टेकला, आणि कमरेजवळ काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तो दांड्याला धरून तसाच उभा राहिला. मागचे लोक पुढे व्हा म्हणून ओरडत होते, "होगी सार, होगी," आणि हा म्हणत होता, "स्वल्प थांबा, माझा पाय येत नाहीये." कंडक्टरने आणि एका भाजीवाल्या बाईने मिळून त्याला फुटपाथवर निजवलं.

इस्पितळात खुब्यात सळई घातली. हाडांचे डॉक्टर आईला बाजूला घेऊन म्हणाले, "ही हाडं बेचाळीस वर्षांच्या पुरुषाची नाहीत. सत्तरीच्या बाईची असतात अशी. आतून पोकळ झालीयेत. हे हाडांचं दुखणं नाही, मुळात दुसरं काही आहे." त्यांनी आम्हाला हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या पन्नाशीच्या कन्नड बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. मामाला चाकाच्या खुर्चीतून ढकलत मी आत नेलं. आई मागे पिशव्या घेऊन.

मॅडमनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि हात पसरायला सांगितले. एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत टेप लावली. त्याच्या उंचीपेक्षा ती लांबी वीतभर जास्त निघाली. मनगटाचा एक्स-रे त्यांनी आधीच काढून घेतला होता. तो उजेडावर धरून हाडाच्या टोकाशी असलेली एक फिकट रेघ दाखवली.

"ही रेघ अठरा-वीस वर्षांपर्यंत बुजायला हवी," त्या म्हणाल्या. "यांची अजून पुरती बुजलेली नाही. मुलगा वयात येतो तेव्हा शरीरात जे हार्मोन तयार होतं, ते आधी हाडं भराभर लांबवतं आणि मग त्यांना आतून थांबवतं. खांदे रुंद करतं, हाडात भर घालतं, आवाज उतरवतं. यांच्या शरीरात ते तयारच झालं नाही. मग थांबवणार कोण? हात-पाय लांबत राहिले, आणि आत भर पडली नाही."

मग त्यांनी खणातून कॉफी पावडरचा डबा काढला, झाकण उघडून मामाच्या नाकाखाली धरला. "वास येतो?"

"नाही," मामा म्हणाला. "कधीच नाही."

त्या म्हणाल्या की आईच्या पोटात असताना वासाच्या नसा आणि हे हार्मोन सुरू करणाऱ्या पेशी एकाच वाटेने मेंदूत जातात. काही जणांत ती वाट तिथेच अडते. मग दोन्ही नाही. मी खुर्चीमागे उभा होतो. मला त्यात काही भीतीदायक वाटलं नाही. मी सहज म्हणालो, "मलाही येत नाही."

मॅडमनी डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलणार त्याआधी मामाच बोलला. खुर्चीत अर्धा वळून त्याने माझं मनगट धरलं होतं.

"मॅडम, माझं राहू दे," तो म्हणाला. "आधी याचं बघा. हा सोळाचा आहे. याचा आवाज फुटलेला नाही."

मॅडमनी मलाही हात पसरायला लावले. मग पडद्याआड तपासलं, रक्त घ्यायला सांगितलं. आठवड्याने उत्तर आलं. मामाला होतं तेच मला होतं. "पण तू वेळेवर आलास," त्या मला म्हणाल्या. "इंजेक्शनं सुरू करू. सगळं जागेवर येईल, हाडंसुद्धा." आईने विचारलं, हे कशाने होतं? मॅडमनी सरळ सांगितलं की यांच्या बाबतीत हे आईच्या बाजूने आलेलं दिसतं. बाईला स्वतःला काही होत नाही, मुलाला होऊ शकतं.

घरी आल्यावर आईने फाइल कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आणि जाहीर केलं की माझ्या मुलाला काही झालेलं नाही, इंजेक्शनं वगैरे काही द्यायची नाहीत. बाबा कारखान्याच्या पाळ्यांतून येत, ऐकून घेत आणि म्हणत, तुझ्या मनाला येईल ते कर. आईला राग कशाचा आला होता हे मला आता कळतं. तिला वाटलं, डॉक्टरनी सगळ्यांदेखत तिच्याकडे बोट दाखवलं.

मामा वॉकर घेऊन चालायला लागला तेव्हा एका दुपारी त्याने आईला खाली बोलावलं. मी दारात होतो.

"अक्का, स्वल्प ऐक माझं."

"ऐकलंय मी सगळं. आपल्याकडे मुलगे उशिराच वाढतात."

"आपल्याकडे म्हणजे कोण? मीच ना?"

आई जायला वळली.

"मी वाढलो का अजून?" मामा म्हणाला. "बघ माझ्याकडे. आई मला देवळं दाखवत होती तेव्हा कुणी हे एक इंजेक्शन दिलं असतं, तर आज मी बसमधून उतरलो असतो."

"आणि त्याला काही झालं म्हणजे?" आई म्हणाली. "बाहेरून घातलेलं औषध ते. वेडंवाकडं झालं तर मी कुणाला विचारू?"

मामाने थोडा वेळ वॉकरच्या रबरी मुठीवर बोटं फिरवली. त्याला मॅडमनी दोन मार्ग सांगितले होते. एक, नुसती हाडांची औषधं घ्यायची, त्याने थोडा फरक पडेल. दुसरा, हार्मोनची इंजेक्शनं घ्यायची, त्याने जास्त पडेल. त्याने एकच प्रश्न विचारला होता, आवाज जाईल का? त्या म्हणाल्या होत्या, "जाणार नाही, उतरेल. पण एकदा उतरला की पुन्हा वर येत नाही." त्यावर तो म्हणाला होता की मग मला हाडांच्या गोळ्याच द्या. तेच ठरलं होतं. पहिल्या गोळ्या आणूनही झाल्या होत्या.

"सरी," तो आईला म्हणाला. "मी आधी घेतो. सहा महिने बघ. मला काही झालं तर याला देऊ नकोस, मी पुन्हा नाव काढणार नाही. मला बरं झालं तर याला द्यायचं."

आईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "आणि भजन?"

"बघू," मामा म्हणाला.

पुढचा शनिवार त्याचा शेवटचा ठरला. रावकाकांनी त्याच्यासाठी पाठ टेकायची खुर्ची ठेवली होती. त्याने एकापाठोपाठ एक अभंग म्हटले, थांबलाच नाही, आरतीची वेळ टळून गेली तरी कुणी त्याला थांबवलं नाही. घरी येताना रिक्षात म्हणाला, "आज छान लागला ना रे?" मी म्हटलं, हो. सोमवारी त्याने पहिलं इंजेक्शन घेतलं.

सहा महिन्यांनी आईने कपाटातून फाइल काढली. मामाच्या ओठावर लव आली होती, दंड भरले होते, आणि तो पहिल्यांदाच दोन पोळ्या जास्त मागत होता. मग मीही सुरू केलं. त्या वर्षी आमच्या घरात एक सोळा-सतराचा आणि एक बेचाळीस-त्रेचाळीसचा असे दोन मुलगे वयात येत होते. माझा आवाज फुटला तेव्हा त्याचाही अजून सावरायचा होता. एकाच वाक्यात दोन-दोन आवाज निघत. मागच्या मोरीशी बाबांनी आम्हा दोघांना दाढी करायला शिकवलं. मामाने हनुवटीला कापून घेतलं आणि रक्त पुसत म्हणाला, "तुझ्या वयाला लोक यात मजा मानतात वाटतं." तेवढे काही महिने तो खरंच आनंदात होता. माझे खांदे मोजायचा. माझ्या मनगटाचा एक्स-रे आला आणि रेघ बुजत चालल्याचं मॅडमनी सांगितलं, तेव्हा त्याने तो आईच्या हातात दिला आणि म्हणाला, "बघ अक्का. थांबला."

त्याचा आवाज मात्र बसला तो बसलाच. घोगरा, जड, एका पट्टीच्या वर न जाणारा. तो देवळात गेला, टाळ घेऊन मागे बसला. लोक प्रेमानेच म्हणत, अण्णा, म्हणा की एक. एकदा त्याने म्हटलं. वर जायची जागा आली तिथे आवाज फाटला, आणि रावकाकांनी पखवाज जोरात वाजवून ते झाकलं. मामाला ते कळलं. त्यानंतर शनिवारी संध्याकाळी तो खोलीचं दार लावून घ्यायचा. फोनवर आता कुणी मॅडम म्हणत नसे. दुकानात गिऱ्हाइकं त्याच्याशी भांडायला लागली.

दुसरंही एक होतं. ते त्याने फक्त मला सांगितलं, मी कॉलेजात असताना, गच्चीवर कपडे काढायला आला तेव्हा. "तुला कुणी आवडते का रे?" त्याने विचारलं. मी हसलो. तो हसला नाही. "वेळेवर आलं ना की हे बरं असतं. मला आता रस्त्याने जाताना मान खाली घालावी लागते. आधी कसं, सगळ्या अक्काच होत्या. देवळात बसलो तरी डोकं शांत नाही. या वयात हे घेऊन कुणाच्या दारात जाऊ?" मग कपड्यांच्या घड्या करत राहिला. शेवटी म्हणाला, "शोभाला तेव्हा काय वाटलं असेल, ते मला आत्ता कळतंय."

थोड्या दिवसांनी त्याने मला येलहंक्याला न्यायला सांगितलं. शोभाबाईंनी दुसरं लग्न केलं होतं, त्यांना दोन मुली होत्या, हे सगळं त्याला माहीत होतं. आम्ही सकाळी गेलो. त्यांनी दार उघडलं, आणि तो बोलला तेव्हा त्या आधी त्याच्याकडे न पाहता माझ्याकडे बघू लागल्या. त्यांना तो आवाज त्याचा वाटेना. मग उंची पाहून ओळखलं. आत बसवलं, कॉफी दिली.

"मला आजार होता," मामा म्हणाला. "जन्मापासून. मला ते आत्ता कळलं. तुमची काही चूक नव्हती, एवढंच सांगायला आलो."

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटत होतं, मी तुम्हाला आवडले नाही. इतकी वर्षं मी तेच धरून बसले."

"तसं नव्हतं," मामा म्हणाला.

"तेव्हा कुणी काही सांगितलं असतं तर मी थांबले असते," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मामाने कॉफी संपवली, भांडं खाली ठेवलं आणि आम्ही निघालो. स्टॉपवर काठी टेकून उभा असताना तो म्हणाला, "मी आलोच नसतो तर बरं झालं असतं की काय, कळत नाही."

त्यानंतर त्याने इंजेक्शन घ्यायला जाणं सोडलं. आईने विचारलं की म्हणे, घेतलं. मॅडमनी पुढे मला बोलावून सांगितलं तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. मी विचारलं तर सरळ म्हणाला, "माझं काम झालं पुट्टा. तू उभा राहिलास. मला ते डोक्यातलं थांबवायचं होतं." मॅडम त्याच्यावर चिडल्या, समजावलं, कमी मात्रेने सुरू करू म्हणाल्या. त्याने सुरूही केलं पुन्हा. पण मधल्या काळात पाठीचे मणके बसले होते. एक खोकल्याने, एक बादली उचलताना. शिंप्याकडे आता त्याचे सदरे आखूड करायला जात. छातीचा भाग खाली बसत गेला आणि ते लांब हात त्याहून लांब दिसू लागले. पलंगावर बसला की हात जवळजवळ जमिनीला टेकत. दुखायचं फार. "आज कसं आहे?" विचारलं की म्हणायचा, "आहे." बास.

मी हेब्बाळला नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याचा दुसरा खुबा मोडला. पलंगावरून उठताना. या वेळी सळई धरेल असं हाड उरलं नव्हतं. तो निजूनच राहिला आणि तिसऱ्या आठवड्यात छातीत कफ साठला. मी रोज कामावरून जायचो. एका संध्याकाळी त्याने मला वाकायला सांगितलं, कारण त्याला जोरात बोलता येत नव्हतं. "तुझ्या होणाऱ्या बायकोला सगळं सांगितलंस ना?" त्याने विचारलं. माझं लग्न ठरलं होतं. मी म्हटलं, सांगितलं, पहिल्याच भेटीत. मुलं व्हायला औषधं घ्यावी लागतील हेही सांगितलं. त्याने डोळे मिटले. "सरी," म्हणाला. "मग जा तू. जेवायला उशीर होईल." दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचण्याआधी तो गेला होता. त्रेपन्नाव्या वर्षी.

अस्थी घ्यायला मी आणि आई गेलो. विद्युतदाहिनीवरच्या माणसाने ट्रे पुढे केला आणि जरा घुटमळला. "स्वल्पच आहेत, सार," तो म्हणाला. "अज्जी होत्या का?" मी म्हटलं, नाही, मामा. सहा फुटांहून उंच होते. त्याने पुन्हा एकदा ट्रेकडे पाहिलं आणि मडकं भरून दिलं. इतक्या लांब माणसाचं ते मडकं अर्धंसुद्धा भरलं नव्हतं.

श्रीरंगपट्टणला नदीत उतरताना दगडांवर शेवाळ होतं. आईने एका हाताने मडकं धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट, घट्ट. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा माझा पाय सरकला आणि मी सावरलो.

"हळू," ती म्हणाली. "पडशील."

"पडलो तरी काही मोडणार नाही, आई."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.